दर्जेदार पराभव

ज्या लोकांना दहा आणि अठरा यांतला फरक कळत नाही, त्यांनी मला फुटबॉलमधली ताकद शिकवू नये. हे मी नॉर्बर्ट हाफनरला तोंडावर सांगितलं. तो तेव्हा माझ्याच अंगणात, माझ्याच कुंपणाला टेकून, माझ्याच घरची लिंबू घातलेली गोड आइस-टी पीत उभा होता. त्यांच्या कॉलेज-संघांच्या गटाचं, म्हणजे कॉन्फरन्सचं, नाव ‘बिग टेन’. म्हणजे मोठे दहा. आणि संघ किती? अठरा! त्यातले काही तर पार पॅसिफिकच्या काठावरचे.

“अरे, नाव ठेवलं तेव्हा दहाच होते,” हाफनर म्हणाला.

“मग वाढत गेले तेव्हा कोणी मोजलं नाही?”

“आणि तुमची ती ‘साउथईस्टर्न’? टेक्सस कधीपासून आग्नेयेला आलं?”

“ते वेगळं,” मी म्हणालो. का वेगळं ते मला त्या क्षणी आठवेना, पण वेगळं आहे. अलाबामात जन्मलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, आणि टोलेडो, ओहायो इथून आलेल्याला सांगून उपयोग नाही.

हा हाफनर टोलेडोच्या काचेच्या कारखान्यात इंजिनिअर होता. जन्मभर दारातला बर्फ ओढून कंटाळला, निवृत्त झाला आणि आमच्या सॉमिल लेनमध्ये, बरोब्बर माझ्या समोरच्या घरात येऊन पडला. आता उत्तरेकडची माणसं आमच्याकडे येतात त्याला माझी हरकत नाही. ऊन आमचं, मोकळ्या जागा आमच्या, घ्या. पण येताना आपली कॉन्फरन्स कशाला घेऊन येता? आल्या आल्या या गृहस्थाने व्हरांड्यावर ओहायोचा झेंडा लावला. माझ्या व्हरांड्यावरच्या झेंड्यासमोर! मी रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन बाहेर यायचं आणि ते बघायचं.

माझा झेंडा म्हणजे माझ्या बाबांचा झेंडा. आमच्या नारिंगी संघाचा. मूळचा नारिंगी, आता उन्हाने जर्दाळूच्या रंगावर आलेला. बाबांनी तो लावला तेव्हा मी शाळेत होतो आणि आजतागायत तो खाली उतरलेला नाही, वादळाचा इशारा आला तरच काय तो घरात घ्यायचा. बाबांना आयुष्यात दोनच गोष्टींवर विश्वास होता, चर्च आणि नारिंगी. आणि एकाच गोष्टीचा राग होता, तो म्हणजे आमच्याच राज्यातला दुसरा संघ. त्यांचं नाव आमच्या घरात घेत नाहीत. आम्ही त्यांना तांबडे म्हणतो. डेंटिस्ट तांबडा निघाला म्हणून बाबांनी अर्धवट भरलेली दाढ तशीच घेऊन दुसरं गाव गाठलं होतं. मरताना मला जवळ बोलावून म्हणाले, “रॉइस, तांबड्यांसाठी एक टाळी जरी वाजवलीस ना, तर उठून येईन.” आणि ते आले असते, मला शंका नाही.

तर त्या दिवशी कुंपणाशी वाद पेटला. आमच्या नारिंगींचा हंगाम त्या वर्षी जरा नरम होता. जरा म्हणजे, जिंकायचं राहूनच गेलं होतं. हाफनर म्हणाला, “तुमची कॉन्फरन्स एवढी भारी, मग तुम्ही का हरताय?”

“भारी आहे म्हणूनच हरतोय! आम्ही ज्यांच्याकडून हरलो ते बघ. एकेक संघ कसा आहे! तुमच्याकडे आठवड्याआड एखादा लेचापेचा मिळतो, आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नाही. आमचे पराभव दर्जेदार आहेत, नॉर्बर्ट. तुमच्या विजयांपेक्षा आमचे पराभव वरच्या प्रतीचे.”

त्याने चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, “या हिशेबाने तुम्ही सगळेच सामने हरलात तर अजिंक्य ठराल.”

मी गारपिटीने फुटलेल्या छपरांची पाहणी करणारा विमा कंपनीचा माणूस आहे. छप्पर गारांनीच फुटलं की आधीपासून फुटलेलं होतं, हे ठरवण्यात माझी हयात गेली. लोकांनी मला शिडीवर असताना शिव्या घातल्या आहेत. पण असा अपमान, तोही माझ्या चहाचा घोट घेत, कोणी केला नव्हता. माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, “लाव पैज!”

पैज अशी. यापुढे हंगामात आमच्या कॉन्फरन्सचा कुठलाही संघ त्यांच्या कॉन्फरन्सच्या कुठल्याही संघाशी भिडला, की जिंकणाऱ्याच्या कॉन्फरन्सला एक गुण. नवीन वर्षाच्या दिवसापर्यंत ज्याचे गुण कमी, त्याने आपला झेंडा उतरवायचा आणि पुढच्या शरदापर्यंत समोरच्याच्या कॉन्फरन्सचा झेंडा आपल्या व्हरांड्यावर मिरवायचा.

“म्हणजे सासऱ्यांचा झेंडा?” नेल्डाने, माझ्या बायकोने, स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं.

“उतरायचा प्रश्नच येत नाही.”

“बरं. छपराची पन्हळ पानांनी तुंबलीय ती काढणार होतास.”

मी काढणारच होतो. शिडीसुद्धा बाहेर काढली होती. पण पैज म्हटली की गुण सगळ्या गल्लीला दिसायला हवेत, नाहीतर हा टोलेडोचा इंजिनिअर हिशेबात काय घोळ करेल सांगता येत नाही. म्हणून पन्हळीसाठी काढलेल्या शिडीवर उभं राहून मी एक मोठा प्लायवूडचा फळा रंगवला, एका बाजूला आपली दक्षिण, एका बाजूला ते अठरा जणांचे दहा, आणि अंगणात खांब रोवून उभा केला. दिसायला फारच देखणा झाला होता. गाड्या हळू व्हायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी मिसेस प्रुइट आल्या. आमच्या वस्तीच्या सोसायटीच्या या अध्यक्ष. चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसतात आणि मागे न बघता कोण झोपलंय ते सांगतात.

“रॉइस, अंगणात फळा चालत नाही.”

“मॅडम, झेंडे चालतात की.”

“झेंडा कापडाचा असतो. हा लाकडाचा आहे.”

“मग मी हाच मजकूर चादरीवर लिहिला तर?”

“चादर म्हणजे वाळत घातलेले कपडे. ते पुढच्या अंगणात चालत नाहीत.” त्यांनी फळ्याला एक प्रदक्षिणा घातली. “एवढ्या आकाराचा फळा फक्त घर विकायला काढलं असेल तर चालतो. देव तुझं भलं करो, रॉइस.”

आमच्याकडच्या बायका हे वाक्य गाढवांसाठी राखून ठेवतात. त्या गेल्या आणि मी तिथेच उभा राहून अर्धा तास अमेरिकेच्या राज्यघटनेवर बोललो. ऐकायला कोणी नव्हतं, फक्त होयट पिकन्स होता. होयट माझा डाव्या हाताचा शेजारी, शाळेपासूनचा मित्र, आणि तांबडा. या दोन गोष्टी एका माणसात कशा बसतात हे मला अजून कळलेलं नाही. त्याचं सगळंच ऐकू नये हे मला माहीत आहे, पण त्या दिवशी मी रागात होतो.

“सोप्पंय,” होयट म्हणाला. “वर लिही, ‘घर विकणे आहे’. खाली लहान अक्षरांत गुण.”

“आणि कोणी घ्यायला आलं तर?”

“तुझं घर? पन्हळीत झाड उगवलंय तुझ्या.”

लिहिलं. मिसेस प्रुइट गाडीतून गेल्या, वाचलं, ओठ आवळले आणि पुढे गेल्या. कायद्याने मी जिंकलो होतो. मात्र दुसऱ्या दिवसापासून घरात माणसं यायला लागली. शनिवारी मी सामना बघत बसलोय, हातात मक्याच्या पावाचा तुकडा, आणि अनोळखी जोडपी माझ्या मागच्या भिंतीवर टिचक्या मारतायत! एका बाईने माझ्याकडे बोट दाखवून दलालाला विचारलं, “ही खुर्ची घराबरोबर येते का?” नेल्डा शांतपणे म्हणाली, “खुर्ची येते, माणूसही येतो.” तिने सगळ्यांना कपाटंसुद्धा उघडून दाखवली. मला वाटतं ती मनातून तयार होती.

त्यातच एक पिवळ्या जाकिटातला, ऐटबाज दिसणारा गृहस्थ आला. मिशिगनचा. त्याला घर आवडलं. पन्हळसुद्धा आवडली. तो अंगणात उभा राहून खिडक्या मोजत असताना समोरच्या घराचं दार धाडकन उघडलं आणि हाफनर चपला न घालता रस्ता ओलांडून आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

सांगायचं राहिलं. ओहायोवाल्यांचा जन्मजात वैरी म्हणजे नकाशात त्यांच्या डोक्यावर बसलेलं मिशिगन, रंग पिवळा. त्यांच्याच कॉन्फरन्समधला. हाफनर त्यांचं नाव घेत नाही. ‘ते वरचे’ म्हणतो. त्याच्या घरात पिवळी मोहरीसुद्धा नसते.

“हे घर घेऊ नका,” हाफनर त्या गृहस्थाला धापा टाकत म्हणाला. “पाया खचलाय. छप्पर गळतं. वाळवी आहे. आणि समोरचा शेजारी अत्यंत भांडखोर आहे.”

“समोरचा कोण?”

“मी!”

पिवळा गेला. माझ्या घराची अशी बेअब्रू कोणी करावी आणि मी उभा राहून ऐकावी? मी हाफनरला फाडफाड बोललो. पाया खचलाय म्हणे! अरे, मी स्वतः पाहणी करतो छपरांची! पण तो ऐकतच नव्हता. कुंपणाला धरून म्हणत होता, “माझ्या समोर. रोज सकाळी. ते वरचे माझ्या समोर.” मला क्षणभर त्याची दया आली. लगेच मी स्वतःवर ताबा मिळवला आणि पुन्हा रागावलो.

गुणांचं म्हणाल तर त्यातही भांडणं. एका सामन्यात त्यांच्या संघाचे निम्मे खेळाडू दुखापतीने बाहेर होते, तेव्हा हाफनर म्हणे अर्धाच गुण धरा. एक सामना पावसात झाला, तेव्हा मी म्हणालो चिखलात ताकद दिसत नाही. त्याने एक भलतंच तर्कशास्त्र आणलं: आम्ही अमक्याला हरवलं, अमक्याने तमक्याला, तमक्याने तुमच्या लोकांना, म्हणून आम्ही तुमच्यापेक्षा भारी. मी त्याच साखळीने त्याला सिद्ध करून दिलं की माझ्या भाच्याच्या शाळेचा संघ ओहायोला सहज लोळवेल. त्यावर तो दोन दिवस बोलला नाही. मलाही बरं वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. भांडायला दुसरं कोण होतं?

होता होता डिसेंबर सरला, आणि फळ्यावर काय? बरोबरी! सगळं येऊन ठेपलं नवीन वर्षाच्या दिवशीच्या शेवटच्या सामन्यावर. आमच्या कॉन्फरन्सकडून कोण खेळणार ते टीव्हीवर जाहीर झालं आणि माझ्या हातातला कप खाली पडला.

तांबडे.

होयट धावत आला, मला मिठी मारली. “रॉइस, आता आपण एक! दक्षिण म्हणजे दक्षिण! तुझ्या बापाचा झेंडा आता आमच्या पोरांच्या हातात आहे, काळजी करू नकोस!”

समजतंय का तुम्हाला? तांबडे हरले तर बाबांचा झेंडा उतरणार. झेंडा राहावा असं वाटत असेल तर मी तांबड्यांसाठी देवाकडे प्रार्थना करायची. ज्यांच्यापायी बाबांनी दाढ अर्धी ठेवली त्यांच्यासाठी! आमच्याकडे असं करणारे खूप आहेत. वर्षभर एकमेकांच्या नावाने बोटं मोडतात आणि उत्तरेचा संघ समोर आला की गळ्यात गळे घालून कॉन्फरन्सच्या नावाने आरोळ्या ठोकतात. मला या लोकांची कायम चीड आली आहे. लाज नाही, शरम नाही. आणि आता मी त्यांतलाच एक होणार होतो. एकच गोष्ट समाधानाची होती. समोरून कोण खेळणार तेही जाहीर झालं होतं, आणि रस्त्यापलीकडे हाफनर आपल्या पायरीवर दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता. पिवळे. ते वरचे.

नवीन वर्षाच्या दिवशी सगळे आमच्याकडेच जमले. नेल्डाने रिवाजाप्रमाणे चवळी, डुकराच्या हाडावर शिजवलेली पालेभाजी आणि मक्याचा पाव केला होता. चवळी खाल्ली की वर्ष चांगलं जातं म्हणतात. मी तीन वेळा घेतली. होयट नखशिखांत तांबडा होऊन आला होता आणि त्याने माझ्यासाठीही एक तांबडी टोपी आणली होती.

“घाल.”

“मेलो तरी घालणार नाही.”

“अरे, बापाचा झेंडा—”

“मांडीवर ठेवतो. डोक्यावर नाही.”

मांडीवर ठेवली. उलटी. हाफनरने आपली खुर्ची टीव्हीकडे पाठ करून मांडली होती. म्हणाला, मी बघणार नाही, फक्त ऐकतो. पिवळ्यांनी गुण केला की त्याची बायको कॅरोल त्याच्या पाठीवर थोपटायची, जसं काही घरात कोणी गेलंय. तांबड्यांनी केला की होयट मला कोपर मारायचा, “ओरड की!” मी तोंड उघडायचो. देवाशपथ, प्रयत्न करायचो. तांबड्यांची आरोळी दोन शब्दांची आहे. पहिला शब्द मी घशापर्यंत आणला, तिथे चवळी आडवी आली आणि नेल्डाला मला पाणी द्यावं लागलं.

शेवटी काय झालं ते ऐका. खेळ संपायला एकच फटका उरलेला. पिवळे दोनने पुढे. तांबड्यांचा पोरगा चेंडूला लाथ मारणार, चेंडू दोन खांबांच्या मधून गेला की तीन गुण, सामना आमचा, पैज माझी, झेंडा जागच्या जागी. होयट गुडघ्यांवर बसला होता. मी डोळे मिटले आणि बाबांना आठवलं. पोरगा धावला.

“चुकव! चुकव रे! बाहेर जाऊ दे!”

कोण गाढव ओरडतंय म्हणून मी डोळे उघडले. मीच होतो. खुर्चीवर उभा होतो, मूठ वर. आणि चेंडू, देवा रे, चेंडू डावीकडे वळला, वळत राहिला आणि खांबाच्या बाहेरून गेला. मी नाचलो हो! साठीतला माणूस, रक्तदाबाचा रोगी, चवळीचं ताट पायाखाली, तांबडी टोपी ताटात, आणि मी नाचतोय. तांबडे हरले! हरले!

मग मला दुसरा आवाज ऐकू आला. हाफनर भिंतीकडे तोंड करून हुंदके देत होता. “जिंकले. ते वरचे जिंकले.” कॅरोल म्हणत होती, “अरे, पैज तू जिंकलास, नॉर्बर्ट.” तो म्हणाला, “तोंड बंद ठेव, कॅरोल.” त्यांच्या लग्नात हे तो पहिल्यांदाच म्हणाला असावा, कारण ती हसायला लागली.

होयटने टोपी ताटातून उचलली, पाला झटकला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिडी लावली, वर चढलो आणि झेंडा उतरवला. दिलेला शब्द म्हणजे दिलेला शब्द. कापड हातात इतकं हलकं लागलं की मला भलताच राग आला. कोणावर ते कळेना. पन्हळीतली पानं दिसली, तीच मुठीमुठीने काढून खाली भिरकावली. खाली हाफनर उभा होता. त्याच्या डोक्यावर पडली. त्याचे डोळे सुजलेले होते.

“मी माझ्या कॉन्फरन्सचा झेंडा आणलेला नाही,” तो म्हणाला. “तुझा परत लाव.”

“का?”

“वरच्यांनी जिंकून दिलेलं मी घेत नाही. पैज रद्द.”

“रद्द?” मी शिडीवरून उतरलो. “रद्द करणारा तू कोण? मी हरलोय! सगळ्या गल्लीसमोर हरलोय! हा माझा पराभव आहे, नॉर्बर्ट, आणि दर्जेदार आहे. तो माझ्याकडून कोणी काढून घ्यायचा नाही!”

“लाव म्हणतो ना!”

“नाही लावत!”

त्याने माझ्या हातातून झेंडा हिसकावला आणि स्वतः शिडी चढायला लागला. सत्तरीचा माणूस, सपाता घालून! पडला असता तर? मी शिव्या देत शिडी धरली. तेवढ्यात कुंपणाशी होयट येऊन उभा राहिला. टोपी नव्हती. रात्रभर झोपला नसावा.

“एकच विचारतो, रॉइस. तुझ्या बापाचा झेंडा पणाला होता आणि तू ‘चुकव’ म्हणून ओरडलास. तुझा बाप काय म्हणाला असता?”

“माझा बाप?” माझा आवाज चढला, आणि चढता चढता कुठेतरी फाटला. “माझा बाप माझ्या आधी ओरडला असता, होयट! आणि मग हसत हसत येऊन हा झेंडा स्वतःच्या हाताने उतरवला असता!”

होयट कुंपणाचं एक सैल फळकूट हलवत राहिला.

“माझापण ओरडला असता,” तो शेवटी म्हणाला. “तुमचे नारिंगी असते तर.” आणि अंगणातला फळा उपटायला लागला, कारण कोपऱ्यावर मिसेस प्रुइटची गाडी वळताना दिसत होती आणि तिच्या मागच्या सीटवर आणखी एक पिवळं जाकीट बसलेलं होतं.

वरून हाफनर ओरडला, “सरळ आहे का बघ!”

मी मागे सरून बघितलं. जर्दाळूच्या रंगाचा तो झेंडा जागेवर होता, वारा नव्हता, कापड नीट खाली लोंबत होतं.

“वाकडा आहे,” मी म्हणालो, आणि शिडी घट्ट धरून ठेवली.